मारामारी केली की डाव बरोबरीत सुटतो का?

प्रश्न : बुद्धिबळात माझं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १५०० आहे. स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत १९०० रेटिंगची खेळाडू समोर आली. निदान बरोबरी पदरात पडावी म्हणून मी वजीर, घोडे, उंट भराभर मारामारीत, म्हणजे मोहऱ्याच्या बदल्यात मोहरा मारत, संपवले. एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली, आणि तिथेच हरले. बलाढ्य खेळाडूशी खेळायचं तरी कसं?

उत्तर : पंच म्हणून टेबलांमधून फिरताना असे डाव मी सतत पाहतो. वजिरावजिरी झाली की कमी रेटिंगवाला निश्चिंत होतो आणि समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो. डावाच्या सुरुवातीच्या चाली तुम्हालाही पाठ असतात; त्याची तयारी दिसते ती शेवटात. तेव्हा मारामारी करायचीच, तर जो शेवट तुम्हाला राखता येतो त्याच्याकडे जा.

एक शेवट पक्का करून ठेवा. प्रतिस्पर्ध्याकडे हत्ती आणि एक प्यादं, तुमच्याकडे नुसता हत्ती. तुमचा राजा त्या प्याद्याच्या वाटेत, बढतीच्या घरात (जिथे पोचून प्याद्याचा वजीर होतो) उभा करा. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या पट्टीवर ठेवा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादं त्या पट्टीवर आलं, की लगेच हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि मागून शह देत राहा. प्यादं पुढे गेल्यामुळे त्याच्या राजाला आडोसाच उरत नाही. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिदोरने हा बचाव अठराव्या शतकात दाखवला. आजही तो अर्धा गुण वाचवतो.

आणि हरण्याचं एवढं दडपण कशाला? ४०० गुणांचा फरक असताना फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) तक्त्यात तुमच्याकडून अपेक्षा ०.०८ गुणाची. तुमचा के-घटक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल हे ठरवणारा आकडा, २० असेल, तर हरल्यावर रेटिंग १.६ने उतरतं, बरोबरीत ८.४ने चढतं, जिंकलात तर १८.४ने. म्हणून आपली नेहमीची सुरुवात खेळा, वजीर पटावर राहू द्या, तिलाही घड्याळ खर्चू द्या. मात्र दर दोन चालींनी बरोबरीचा प्रस्ताव ठेवू नका. प्रतिस्पर्ध्याला असा त्रास देणं नियमात बसत नाही, आणि मला टेबलापाशी यावं लागतं.

डाव संपल्यावर तिच्यासोबत विश्लेषणाला जरूर बसा. तुमची कोणती मारामारी तिला सर्वांत सोयीची वाटली, एवढंच विचारा.