दारातली तिरंगी आणि घरातली तीन

प्रश्न : आमचं घर गोव्यात म्हार्दोळला. घरात तीन मांजरं आहेत : नऊ वर्षांची थोरली मांजरी आणि दोन बोके. तिघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झालेली. पाऊस सुरू झाल्यापासून एक तिरंगी बोका, पांढऱ्यावर काळे आणि केशरी पट्टे, आमच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, येऊन बसतो. आधी पळायचा, आता पायांत घोटाळतो. नुस्तें (मासे) साफ करताना मी त्याला तारल्यांची डोकी घालते. पोट टम्म झालंय, पण पाठीची हाडं दिसतात. उजव्या डोळ्यातून पाणी येतं. गेल्या आठवड्यात थोरलीने त्याला खिडकीतून पाहिलं, फिसकारली आणि वळून आमच्याच धाकट्या बोक्यावर तुटून पडली. तेव्हापासून तो पलंगाखालून निघत नाही, काल चादरीवर मुतला. सासूबाई म्हणतात, दारी आलेल्या जिवाला आत घ्या. नवरा म्हणतो, आधीच्या तिघांचं काय? काय करू?
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : ताई, आत घ्या. पण आधी धाकट्या बोक्याकडे बघा, ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. ताण आला की मांजराच्या मूत्राशयाला सूज येते आणि बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. तो वारंवार मुतायला बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण थेंबभरच पडतंय किंवा काहीच नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. लघवी पूर्ण अडली तर एकदोन दिवसांत जीव जातो. नीट होत असेल तर त्याला वेगळी खोली, वेगळी लिटरची पेटी आणि लपायला एखादं खोकं द्या. त्याला रागावू नका. थोरलीलाही नको. खिडकीबाहेरच्या मांजरापर्यंत पोचता येत नाही, मग तो संताप जवळ असलेल्यावर निघतो. त्या खिडकीच्या खालच्या काचांना आतून कागद चिकटवा आणि बाहेरचं खाणं पुढच्या बल्कांवातून हलवून मागच्या दारी न्या.

आता पाहुण्याबद्दल. तुम्ही बोका म्हणताय, पण काळा, केशरी आणि पांढरा असे तिन्ही रंग एकाच अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्कीच मांजरी आहे. काळा आणि केशरी हे दोन्ही रंग एकत्र दिसायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात आणि ती सहसा मांजरीतच असतात, असा बोका हजारांत एखादाच. मांजरी, भरलेलं पोट, दिसणारी हाडं : एकतर ती पोटुशी आहे, नाहीतर पोटात जंत आहेत, बहुधा दोन्हीही. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवडे असतात, त्यामुळे थांबायला वेळ नाही. सोनोग्राफीत तीनचार आठवड्यांची पिल्लंही दिसतात. पोटुशी असेल तर जंताचं औषध आपल्या मनाने देऊ नका आणि लस टोचणाऱ्याला आधी तसं सांगा. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला दिली तर पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते.

डॉक्टरकडून थेट मागच्या खोलीत न्या, घरभर फिरवू नका. दार बंद. निदान दोन आठवडे. सासूबाईंना हे निर्दय वाटेल, त्यांना माझ्या वतीने सांगा की पावसातून आलेल्या मांजरीला कोरडी, शांत, एकच खोली हवीच असते. आणि तुमच्या तिघांसाठी तर हा काळ अत्यावश्यक आहे. डोळ्यातलं पाणी बहुधा मांजरांच्या फ्लूचं. पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या जीवघेण्या पार्व्होची, मला जास्त भीती वाटते. त्याचा विषाणू फरशीवर, चपलेला, टोपलीला महिनोन्महिने टिकतो. तिघांच्या बूस्टरची तारीख कार्डावर बघा, टळली असेल तर आधी ते करून घ्या. त्या खोलीची चप्पल, भांडी, झाडू वेगळा ठेवा. तिथून आलात की हात साबणाने धुवा. फरशीला फिनाईल अजिबात नको, ते मांजराच्या यकृताला झेपत नाही. ब्लीच एकास तीस पाण्यात घालून पुसा, मग साध्या पाण्याने पुसा आणि सुकेपर्यंत तिला दूर ठेवा. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध लावू नका : त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजर झटके येऊन मरतं. तापासाठी पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. कानामागे केस गळून गोल चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो आणि तो तुमच्या हातालाही येतो.

रक्ताची एक तपासणी मागून घ्या : एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) आणि फेलाइन ल्युकेमिया (मांजरांना रक्ताचा कर्करोग करू शकणारा विषाणू). पहिला मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, दुसरा एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच भांड्यात खाण्यातूनही. ल्युकेमिया निघाला तर ती तुमच्या तिघांत मिसळणार नाही, हे आधीच मनाशी ठरवा. रेबीजची लस कधी द्यायची ते डॉक्टर सांगतील, पण ती चुकवू नका. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला तो वर्षानुवर्षं चाललेल्या लसीकरणामुळेच.

तारल्यांची डोकी बंद करा. उकडून, काटे काढून मासळी अधूनमधून चालेल. हुमण (माशांची आमटी) आणि खारें (सुकी खारी मासळी) नको, कांदा आणि मीठ दोन्ही मांजराला घातक. रोजचं खाणं पिल्लांचं कोरडं खाद्य ठेवा, गाभण मांजरीला तेच पुरतं.

ओळख वासापासून सुरू होते. स्वच्छ फडका तिच्या गालावर घासून थोरलीच्या खाण्याच्या जागेपासून हातभर लांब ठेवा, थोरलीचा फडका तिकडे. थोरली तो हुंगून निघून जायला लागली की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, रोज थोड्या जवळ. मग जाळीतून, मग दार बोटभर उघडं. फिसकारणं चालेल. कान मागे टाकून टक लावून बघणं चालणार नाही, तसं झालं की एक पायरी मागे. लिटरच्या पेट्या चार मांजरांना पाच, त्याही वेगवेगळ्या खोल्यांत. पोटुशी असेल तर हे सगळं पिल्लं मोठी होईपर्यंत थांबवा, व्यालेली आई कुणालाही जवळ येऊ देत नाही.

माझं एक मागणं आहे आणि ते मनापासून आहे. तुम्ही तिला आत घ्या किंवा न घ्या, तिचं ऑपरेशन करा. बल्कांवात दोन वेळ घालायचं आणि बाकी तिच्या नशिबावर सोडायचं, हे मी गावोगाव बघते. पोटभर खाणारी मांजरी वर्षात दोनतीनदा विते आणि त्यातली बरीच पिल्लं रस्त्यावर, पावसात जातात. अंगावर पिल्लं असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून तोवर बाहेर सोडू नका. पोटुशी असतानाही हे ऑपरेशन होतं, दिवस किती भरलेत त्यावर डॉक्टरांशी स्पष्ट बोला. पिल्लं झालीच तर ती दूध सोडतील तेव्हा, साधारण आठव्या आठवड्यात, तिचं ऑपरेशन आणि पिल्लांची पहिली लस एकाच फेरीत होईल. त्यांना घरं शोधायला मात्र आत्ताच लागा.