साडेचार वर्षांच्या मुलाला तिकोन्यावर न्यावं का?

मुलगा साडेचार वर्षांचा आहे, टेकडीवर आवडीने चालतो, आणि पुण्याजवळचा तिकोना किल्ला तासाभरात चढून होतो असं सगळे सांगतात, म्हणून तुम्ही विचारताय की न्यावं का. न्या. पण चढण्याचा नाही, उतरण्याचा हिशोब करून न्या.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही गेलो होतो. पायथ्याच्या तिकोना पेठ गावातून निघाल्यावर धारेवरची वाट, कातळातला दरवाजा, मग दगडात कोरलेला मारुती, तिथून तळजाई देवीची गुहा आणि तिच्यापुढचं तळं. इथपर्यंत ती बडबडत, स्वतःच्या पायांनी आली. बांधकामाचा चुना मळायचा जुना दगडी घाणाही गोलगोल फिरून बघितला. खरी परीक्षा त्याच्या पुढे आहे. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या अरुंद आणि एकदम खड्या, काही तर तिच्या गुडघ्याच्याही वर येणाऱ्या. हातापायांवर रांगत ती झपाझप चढली. मुलांना चढताना भीती वाटत नाही, कारण डोळ्यांसमोर फक्त पुढची पायरी असते.

परतताना त्याच पायऱ्यांच्या तोंडाशी तिने खाली पाहिलं आणि बसकण मारून रडायला लागली. मागे माणसांची रांग. मी घाईत तिला कडेवर घेतलं, आणि दुसऱ्याच पायरीवर कळलं की मला माझे पाय दिसत नाहीत. एक हात तिच्याभोवती, दुसरा आधाराला, आणि सतरा किलोंचं ओझं एका बाजूला. तिथेच थांबले. मागच्यांना पुढे जाऊ दिलं आणि मग ती बूड टेकवत एकेक पायरी उतरली. जिथे पायरी फारच उंच होती तिथे शिडी उतरतात तशी, तोंड कातळाकडे करून. मी तिच्या एक पायरी खाली. वेळ लागला, पण तिचं रडं थांबलं. तेव्हापासून मोठ्या माणसाने चढताना आणि उतरताना कायम मुलाच्या खालच्या बाजूला राहायचं हा आमचा नियम आहे. दोन मोठी माणसं असतील तरच न्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. उंच पायरीवर मुलाला मनगट धरून वर खेचू नका. या वयात कोपराचा सांधा अशा झटक्याने निखळू शकतो, आणि गडावर ते फार महागात पडेल. काखेत हात घालून उचला. बाळाला पाठीवर बसवायच्या पिशवीबद्दलही विचारलंय तुम्ही. सपाट वाटेवर ठीक आहे, पण या पायऱ्यांवर तोल मागे जातो आणि मुलाचं डोकं कुठे आपटतंय ते आपल्याला दिसत नाही. मी वापरणार नाही.

पावसाळ्यात, त्यातही शनिवार-रविवारी, अजिबात नको. शेवाळलेल्या पायऱ्या आणि वरून-खालून येणारी गर्दी, त्यात मुलाला थांबायलाही जागा मिळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी सातच्या आत चालायला लागा, म्हणजे उन्हं तापायच्या आत खाली याल. बूट वापरातले हवेत आणि आदल्या दिवशी पायाची नखं कापा. उतरताना बोटं पुढे सरकून नखं दुखतात, आणि मुलाला नेमकं काय दुखतंय ते सांगता येत नाही. माकडं दिसली की हातातला खाऊ आत टाका. माथ्यावर महादेवाच्या देवळापाशी पोचलं की मुलांना पळावंसं वाटतं. तिथे पाण्याची टाकी आहेत, कडे आहेत. हात सोडू नका.

आधी एखाद्या रविवारी पुण्यातल्या पर्वती टेकडीवर जा. १०३ पायऱ्या चढून, उचलून न घेता उतरतो का, ते बघा. त्या पायऱ्या रुंद आणि सोप्या आहेत, तिथेच "घे ना" सुरू झालं तर यंदा तिकोना राहू द्या. त्याऐवजी लोहगड करा. तिथल्या पायऱ्या बऱ्याच रुंद आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान, महा असे चार दरवाजे एकामागोमाग येतात, त्यामुळे "आता पुढचा दरवाजा" म्हणत मुलं चालत राहतात.

आणि तिकोन्याला गेलात तर घरून निघतानाच त्याला सांगा की आपण तळजाईच्या तळ्यापर्यंत चाललोय. माथ्याचं नावच काढू नका. तळ्याशी बसून डबा खा, पाय चेपून द्या आणि मग त्याच्याकडे नीट बघा. पाय ओढत असेल, उगाच चिडत असेल, तर तिथून मागे फिरा. त्याच्या लेखी गड झालेला असेल.