फोटो कपाटातला, हक्क कुणाचा?

जुने फोटो स्कॅन कसे करायचे ते मागच्या अंकात सांगितलं, पण आलेल्या पत्रांमध्ये स्कॅनरबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही, सगळ्यांचा प्रश्न एकच, हे आता नेटवर टाकू का आणि टाकलं तर कुणी नोटीस धाडेल का. त्यातली चार पत्रं घेतोय.

आजी-आजोबांच्या लग्नाचा १९३८ सालचा फोटो आहे, गिरगावातल्या एका स्टुडिओत काढलेला. मागे स्टुडिओचा शिक्का आहे, स्टुडिओ कधीच बंद पडला. फेसबुकवर टाकला तर चालेल का? – एक वाचक, डोंबिवली

बिनधास्त टाका. तेव्हाच्या कायद्यात फोटोचा कॉपीराइट निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं असायचा, म्हणजे तुमचा १९८८लाच संपला. आणि तसाही पैसे देऊन ऑर्डरने काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिर्‍हाईकच, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. आजच्या कायद्यातही तसंच आहे, फक्त आजचे लग्नाचे फोटोग्राफर करारात बारीक अक्षरात हक्क स्वतःकडे ठेवून घेतात, तेव्हा मुलांच्या लग्नात सही करायच्या आधी ते वाचा! शिक्क्याची भीती नको, उलट पुठ्ठ्याची मागची बाजूही स्कॅन करून ठेवा, पत्ता आणि कधीकधी पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा नंबर तिथेच सापडतो.

१९६१च्या पानशेतच्या पुरानंतर वडिलांनी बॉक्स कॅमेर्‍याने काढलेले काही फोटो आमच्याकडे आहेत, ओंकारेश्वराजवळचा चिखल, वाड्यांच्या पडलेल्या भिंती वगैरे. वडील १९९४ साली गेले. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या संग्रहात टाकायचेत. स्कॅन मीच केलेत म्हणून ‘स्वतःचं काम’ निवडलं तर चालेल ना? नाहीतरी ६० वर्षं होऊन गेलीच आहेत. – एक वाचक, पुणे

काका, दोन्ही चालणार नाही, पण फोटो मात्र नक्की चढवता येतील, थोडा धीर धरा.

आधी ‘स्वतःचं काम’. कायद्याच्या भाषेत फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, म्हणजे तुमचे वडील. स्कॅनरच्या काचेवर प्रिंट ठेवून बटण दाबलं म्हणून तुम्ही कर्ते होत नाही. कर्त्याच्या रकान्यात वडिलांचंच नाव घाला, मला विचाराल तर त्यात मजाही जास्त आहे.

आता ती ६० वर्षं. हा हिशेब बहुतेकांच्या डोक्यात बसलाय कारण २०१२पर्यंत फोटोचं तसंच होतं, प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. २१ जून २०१२ला दुरुस्ती लागू झाली आणि फोटोग्राफर लेखकांच्या रांगेत आले, आता हयातभर अधिक मृत्यूनंतर ६० वर्षं. तुमचे फोटो अल्बममधून बाहेर कधी पडलेच नाहीत म्हणजे प्रकाशनाचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं, त्यामुळे नवा नियम सरळ लागतो आणि कॉपीराइट २०५४ संपेपर्यंत शाबूत आहे. दर १२ जुलैला व्हॉट्सअ‍ॅपवर पुराचे जे फोटो फिरतात त्यातले पेपरात छापून आलेले फोटोही असेच धरा, जुन्या हिशेबाने ते २०२१च्या शेवटी मोकळे झाले असते पण २०१२ला कॉपीराइट चालू होता म्हणून मुदत लांबली, आणि पेपरच्या पगारी फोटोग्राफरने काढलेले असतील तर मालक सहसा पेपरच. ते आपल्या अल्बममध्ये मिसळून चढवू नका. भारतापुरता माझा ढोबळ ठोकताळा असा, १९५१पर्यंत छापून आलेला फोटो मोकळा, आणि २१ जानेवारी १९५८च्या आधी काढलेला फोटो ५० वर्षांच्या जुन्या नियमाने मोकळा. त्यापुढचं प्रत्येक प्रकरण वेगळं बघायचं.

मग हक्क आज कुणाकडे? मृत्युपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर सगळ्या वारसांकडे मिळून. भाऊ-बहीण असतील तर त्यांचीही परवानगी लागेल, फोनवर ‘हो रे, टाक’ म्हणाले तरी एक ईमेल घेऊन ठेवा. कारण कॉमन्सला फुकट पण फक्त बिगर-व्यापारी वापरासाठी असलं लायसन्स चालतच नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचं बीवाय-एसए हे खुलं लायसन्स दिलंत की उद्या कुणीही त्या फोटोचं कॅलेंडर छापून विकू शकतो, त्याने वडिलांचं नाव द्यायचं आणि फोटोत बदल करून पुढे दिला तर त्याच लायसन्सखाली द्यायचा, एवढीच अट. आणि एकदा दिलेलं मागे घेता येत नाही. हे बहिणीला आधी सांगा, कॅलेंडर भिंतीवर दिसल्यावर नको. सगळे तयार झाले की कॉमन्सच्या स्वयंसेवकांना परवानगीचा मेल जातो, त्याचा नमुना तिथेच मिळतो, वारसांसाठी लायसन्सची वेगळी पाटीही आहे.

आणि ओळी लिहा हो फोटोखाली! कुठला वाडा, कुठल्या बाजूने काढलाय, पाणी कुठवर चढलं होतं, हे आता सांगणारी माणसं कमी होत चाललीयत.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत १८९०च्या आसपासचा मुंबईचा एक फोटो छापायचाय. ज्या संग्रहात आहे ते फी मागतायत आणि वर ‘कॉपीराइट आमचा’ असा वॉटरमार्क मारलाय. सव्वाशे वर्षांनंतर कसला कॉपीराइट? – एक वाचक, ठाणे

कॉपीराइट नाहीच. त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर राजा दीनदयाळ १९०५ साली गेले, त्यांच्यासारख्यांचे फोटो केव्हाच सगळ्यांचे झाले. जुन्या फोटोच्या नुसत्या स्कॅनवर नवा हक्क तयार होतो असंही मला वाटत नाही, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या २००७च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. पण फीचं म्हणाल तर ती वस्तू त्यांच्या ताब्यात आहे, मोठं स्कॅन द्यायचे पैसे ते घेऊ शकतात, आणि त्यांच्या फॉर्मवर सही केलीत की त्यातल्या अटी करार म्हणून तुम्हाला बांधतात. जुन्या प्रिंटा सांभाळायला खर्च येतो, फीबद्दल माझी तक्रार नाही, पण नसलेल्या हक्काचा शिक्का मारणं मला पटत नाही. तोच फोटो दुसर्‍या संग्रहात मोकळा मिळतोय का ते आधी बघा, तेव्हा एका निगेटिव्हच्या बर्‍याच प्रिंटा निघायच्या.

खाली ‘फोटो सौजन्य : गूगल’ लिहिलं की झालं ना? – एक वाचक, नाशिक

नाही. गूगल फोटो काढायला गेलं नव्हतं. नाव देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं, आणि इथे तर दोन्ही नाही. इमेज सर्चमध्ये फोटो उलटा शोधा, जिथे पहिल्यांदा आलाय तिथपर्यंत जा, तिथे लायसन्स लिहिलेलं असेल तर त्याप्रमाणे वापरा, नसेल तर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर दुसरा फोटो घ्या.