बाळाची वाढ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे पहिल्या दोन वर्षांतील मुलांविषयी आहेत. त्यांतील दोन पत्रांमधला प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, म्हणून त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी साडेदहा महिन्यांची आहे. ती आधाराशिवाय चांगली बसते, परंतु अजून रांगत नाही. एक पाय दुमडून ढुंगणावर सरकत ती घरभर फिरते. जाऊबाईंचा मुलगा या वयात भिंतीला धरून चालू लागला होता, त्यामुळे घरात सारखी तुलना होते. माझ्या भावाने वॉकर आणून दिला आहे, तर मामंजींचे म्हणणे असे की गावाकडचा लाकडी पांगुळगाडाच बरा. आम्ही काय करावे?
– एक आई, नाशिक

उत्तर : मुलगी घरभर फिरते, हा आपल्या पत्रातील सर्वांत दिलासा देणारा तपशील आहे. एखादी वस्तू दिसावी, ती हवीशी वाटावी आणि तिथवर पोचण्याची युक्ती बाळाने स्वतः शोधून काढावी, हे या वयात महत्त्वाचे असते. ते गुडघ्यांवर जाते की ढुंगणावर, याला त्या मानाने फारसे महत्त्व नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची हालचाल पाहिली गेली. हात-गुडघ्यांवर रांगण्याचे वय त्यात सुमारे सव्वापाच ते साडेतेरा महिने आणि आधाराशिवाय चालण्याचे वय सुमारे सव्वाआठ ते साडेसतरा महिने असे पसरलेले आढळले, आणि शंभरातील चारांहून थोडी अधिक मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. आपल्या जाऊबाईंचा मुलगा आणि आपली मुलगी ही दोघेही या पट्ट्यात सहज बसतात. ढुंगणावर सरकणारी मुले चालायलाही थोडा अधिक वेळ घेतात, आणि पुष्कळदा आईवडिलांपैकी किंवा काका-मावशांपैकी कोणीतरी लहानपणी तसेच सरकत असे. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा. मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली असेल, तर जितके आठवडे ती आधी आली तितके तिच्या वयातून वजा करूनच हिशेब करावा.

तरीही काही गोष्टींकडे लक्ष ठेवावे. पाय ताठ राहत असतील किंवा अगदी लुळे वाटत असतील, वर्षाच्या आतच ती सारखा एकच हात वापरत असेल, वर्ष पूर्ण होऊनही धरून उभी राहत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट करणे तिने सोडले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. यातील शेवटचे लक्षण मला सर्वांत गंभीर वाटते.

आता वॉकरविषयी. भावाने प्रेमाने आणला आहे हे खरे, पण तो परत करावा असे माझे स्पष्ट मत आहे. वॉकरमध्ये मूल कापडी बैठकीत लोंबकळते आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलते. शरीराचा तोल त्याला सांभाळावा लागत नाही, स्वतःची पावलेही दिसत नाहीत, आणि चालायला लवकर येण्याऐवजी उलट थोडा उशीरच होऊ शकतो. त्याहून मोठी भीती अपघाताची असते. क्षणात मूल जिन्यापाशी, गॅसच्या शेगडीपाशी किंवा गरम पाण्याच्या बादलीपाशी पोचते. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणाने.

पांगुळगाड्याची रचना वेगळी आहे. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते, दांडी धरते आणि पुढे ढकलते. तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. मामंजींच्या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र घाई नको. मुलगी आपण होऊन पलंगाला किंवा खुर्चीला धरून उठू लागली की मगच तो तिच्यापुढे ठेवावा. आणखी एक काळजी घ्यावी लागेल. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याची चाके हळू फिरत असत; आजच्या गुळगुळीत फरशीवर ती सुसाट पळतात आणि मूल तोंडावर आपटते. म्हणून गाड्यावर दोन-तीन किलो तांदळाची पिशवी बांधावी, खाली सतरंजी अंथरावी आणि मोठ्या माणसाने शेजारी राहावे. सध्या मात्र तिला दिवसातून अनेकदा गोधडीवर पालथे घालून आवडते खेळणे हाताच्या जरासे पलीकडे ठेवावे आणि पायमोजे न घालता अनवाणी वावरू द्यावे.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला राहतो. आमचा मुलगा वीस महिन्यांचा आहे. 'आई', 'बाबा', 'भूभू' आणि 'दे' एवढेच तो स्पष्ट बोलतो. घरी मराठी, पाळणाघरात कानडी आणि शेजारी इंग्रजी असल्यामुळे त्याचा गोंधळ होतो, तेव्हा एकच भाषा ठेवा, असे काही जण सुचवतात. आजी म्हणतात की त्याचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावरच बोलले. जेवताना तो मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. थांबावे की दाखवावे?
– एक वडील, बंगळुरू

उत्तर : दाखवावे, आणि सर्वांत आधी त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी. बोलायला उशीर होत असताना कान तपासण्याआधी इतर काहीही ठरवणे मला योग्य वाटत नाही. दार आपटल्यावर मूल दचकते म्हणून घरच्यांना ऐकू येते असे वाटते, पण वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले असेल, तर मोठे आवाज ऐकू येऊनही शब्दांतील बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. तपासणीत सहकार्य न करणाऱ्या लहान मुलांचीही, ती झोपेत असताना, बेरा नावाची चाचणी करता येते. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आपल्यापासून फार दूर नाही. तिथे ऐकणे आणि बोलणे या दोन्हींची तपासणी होते. आजींचा अनुभव खोटा नाही, उशिरा बोलून पुढे सुरळीत झालेली मुले पुष्कळ असतात; परंतु आपला मुलगा त्यांपैकीच आहे की नाही हे आज घरबसल्या कोणालाही सांगता येणार नाही, आणि त्यासाठी वाट पाहण्यात त्याच्या शिकण्याचे मोलाचे महिने जातात.

भाषांविषयी मात्र निश्चिंत राहावे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलात वाचादोष निर्माण होत नाही. त्याचे शब्द मोजताना सर्व भाषांचे मिळून मोजावेत. पाळणाघरात तो दुधाला 'हालू' आणि पाण्याला 'नीरू' म्हणत असेल, तर तेही त्याचेच शब्द आहेत, तेव्हा तिथल्या ताईंना अवश्य विचारावे. घरातली मराठी सोडण्याचा सल्ला कृपया मानू नये. आजी-आजोबा ज्या भाषेत मोकळेपणाने रागावतात, लाडावतात आणि गोष्ट सांगतात, तीच भाषा मुलाला सर्वांत भरभरून मिळते. तिच्या जागी मोडकेतोडके इंग्रजी आणल्याने त्याच्या वाट्याला येणारे बोलणेच कमी होईल.

बोललेले त्याला किती समजते, हेही पाहावे. हाताने खूण न करता "चेंडू आण" म्हटल्यावर तो आणतो का? हाक मारल्यावर वळतो का? खिडकीतला कावळा बोटाने दाखवून आपल्याकडे पाहतो का? हे सर्व होत असेल, तर चिंता बरीच कमी होते. होत नसेल, तर तसे तज्ज्ञांना आवर्जून सांगावे.

जेवतानाचा मोबाइल बंद करावा. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल एवढाच त्याला अपवाद. पहिले काही दिवस रडारड होईल आणि तो कमी जेवेल, पण भूक लागल्यावर मूल खाते. त्या वेळेत चिऊ-काऊचा घास पुन्हा सुरू करावा, आणि तो म्हणताना एक युक्ती करावी. "हा घास चिऊचा, हा घास..." इथे थांबावे, त्याच्याकडे पाहावे आणि मनात दहा अंक मोजावेत. बहुतेक घरांत मोठी माणसे ही मोकळी जागा स्वतःच भरून टाकतात, आणि मुलाला बोलायची संधी मिळत नाही. 'काऊ'ऐवजी नुसता 'का' आला तरी तो शब्द धरून आनंदाने घास पुढे करावा.

प्रश्न : आमच्या नातीला पुढच्या आठवड्यात सहावा महिना पूर्ण होतो. उष्टावणाला मामाने अंगठीने खीर चाटवायची आमच्याकडे रीत आहे. सून म्हणते साखर नको, मध तर नकोच. आम्ही मुलांना मध चाटवूनच वाढवले.
– एक आजी, सांगली

उत्तर : मधाच्या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषामुळे बाळ लुळे पडू शकते. मध उकळल्यानेही हे बीजाणू मरत नाहीत. असा आजार क्वचित होतो, पण झाल्यास जिवावर बेततो, म्हणून पहिल्या वाढदिवसापर्यंत मध वर्ज्य ठेवावा. उष्टावणाची रीत मात्र अवश्य करावी. खीर बिनसाखरेची करावी, अंगठी साबणाने धुऊन घ्यावी आणि तिचा खडा सैल नाही हे पाहावे.

दुसऱ्या दिवसापासून काय द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. नुसते वरणाचे पाणी किंवा भाताची पेज देऊ नये, कारण त्याने पोट भरते आणि पोषण होत नाही. मूगडाळ घातलेला मऊ भात तूप घालून कुस्करावा आणि तो चमच्यातून ओघळून पडणार नाही इतका दाट ठेवावा. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी दिवसातून दोनदा करावी आणि हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जावे. नाचणी, कुस्करलेली पालेभाजी आणि घरी चालत असल्यास नीट शिजवलेले अंडे लवकरच सुरू करावे, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

प्रश्न : दहा महिन्यांच्या मुलाच्या बोरन्हाणात कोणती काळजी घ्यावी?
– एक आई, ठाणे

उत्तर : बोरे, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे आणि गोळ्या यांतील प्रत्येक वस्तू या वयाच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. त्याच्यावर फुलांच्या पाकळ्या आणि थोडे चुरमुरे घालावेत आणि बाकीचा खाऊ जमलेल्या मोठ्या मुलांना हातात द्यावा. हलव्याचे दागिने फोटो झाल्याबरोबर उतरवावेत, कारण दोरा तुटला की दाणे थेट तोंडात जातात. बाळाला मांडीवरून खाली ठेवण्याआधी जमीन झाडून घ्यावी.

तरीही काही अडकलेच आणि बाळाला खोकता किंवा रडता येत नसेल, तर बोट तोंडात घालून चाचपू नये. त्याला हाताच्या आधाराने, डोके खाली राहील असे पालथे धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे, आणि वस्तू बाहेर येईपर्यंत हे आलटून पालटून करावे. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे. बाळ निपचित पडले, तर हे थांबवून लगेच छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे. प्रत्यक्ष सराव करून घेतल्याशिवाय हे हाताला वळत नाही, तेव्हा पुढच्या लसीकरणाला जाल तेव्हा आपल्या डॉक्टरांकडून एकदा करून दाखवून घ्यावे.