नऊ दिवसांत कुत्री घरची होत नाही, परत द्यायचा विचार आत्ता नको

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शेल्टरमधून दोन वर्षांची देशी कुत्री आणून नऊ दिवस झालेत, ती दिवाणाखालून बाहेर येत नाही, तुमच्यासमोर खात नाही, मिस्टरांवर एकदा गुरगुरली, हॉलमध्ये शू करते, रात्री दोनला उठून घरभर फिरते आणि सासूबाई म्हणतायत परत देऊन टाका. ताई, आधी एवढंच सांगते की नऊ दिवस म्हणजे काहीच नाही. खरंच काहीच नाही.

आमची भिंगरी आता आठेक वर्षांची आहे, आली तेव्हा दीड वर्षाची असेल. वारज्यात सर्व्हिस रोडच्या कडेला कुठल्यातरी गाडीने उडवलेली सापडली होती, मागचा उजवा पाय मोडलेला, दोन महिने एका ओळखीच्या काकूंकडे फोस्टरला, म्हणजे तात्पुरती सांभाळायला होती आणि मग आमच्याकडे आली. पहिले अकरा दिवस वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधल्या फटीत. मी रोज तिच्यासमोर बसून "ये गं, ये गं" करायचे, वाकून हात पुढे करायचे, चिकनचा तुकडा दाखवायचे, आणि ती अजूनच आत सरकायची. शेवटी काकूंनी फोनवर झापलं मला, म्हणाल्या तू तिच्याकडे बघू पण नकोस, पाठ करून बस, भाजी निवड, खाणं ठेव आणि उठून जा. मला ते फार कोरडं वाटलं होतं तेव्हा. पण विचार करा, रस्त्यावरच्या कुत्र्याकडे टक लावून बघणारा आणि मग खाली वाकणारा माणूस बहुतेक वेळा दगडच उचलत असतो. आपण प्रेमाने वाकतो, तिला दगड दिसतो. मग मी रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून मेथी निवडायला, मटार सोलायला बसायला लागले, एक शब्द बोलायचा नाही. बाराव्या दिवशी पाठीला ओलं नाक लागलं आणि मी वळले नाही, तशीच मटार सोलत बसले, डोळ्यातून पाणी येत होतं तरी.

रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणतात ते ऐकलं असेल, तीन दिवस धक्का ओसरायला, तीन आठवडे घराची पद्धत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. हा ढोबळ अंदाज आहे, भिंगरीने शेपूट मोकळी हलवायला पाच महिने घेतले. तेव्हा तारखा मोजू नका. दिवाणाखालची जागा तिची आहे असं घरात सगळ्यांना सांगून टाका, तिथे हात घालायचा नाही, झाडू तर अजिबात घालायचा नाही, पाहुण्यांच्या मुलांना वाकून बघू द्यायचं नाही.

गुरगुरण्याबद्दल. तिला त्यासाठी ओरडू नका प्लीज. गुरगुरणं म्हणजे ती सांगतेय की मला भीती वाटतेय, लांब राहा. ते सांगणंच मार खाऊन बंद झालं तर पुढच्या वेळी ती न सांगता थेट दात लावेल. आमच्याकडे सुरुवातीला एक ट्रेनर यायचा, त्याने चेनला झटके द्यायला शिकवलं, दोनच वेळा आला पण त्यानंतर नुसता पट्टा हातात घेतला तरी भिंगरी जागेवर शू करायची. ते निस्तरायला मला पूर्ण पावसाळा गेला आणि त्या दोन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं. मिस्टर गुरगुरण्याच्या वेळी कसे दिसत होते ते आठवून बघा. हेल्मेट होतं का डोक्यावर, हातात छत्री, काठी, गुंडाळलेला पेपर? की नुसते उभे राहून मोठ्याने फोनवर बोलत होते? पुढचे पंधरा दिवस दोन्ही वेळचं खाणं त्यांनाच ठेवू द्या, ठेवायचं आणि निघून जायचं.

शू. तिने आजपर्यंत माती आणि गवत सोडून कुठे शू केलेली नसेल, टाइल्स म्हणजे काय हे तिला कुठून कळणार, आणि बाहेर न्यायला अजून ती तयार नाही. मग बाल्कनीत एका मोठ्या ट्रेमध्ये माती आणि थोडं गवत घालून ठेवा. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि रात्री झोपायच्या आधी तो दरवाजा उघडा ठेवायचा, तिथे केली की हळू आवाजात शाबासकी. आत केली तर गुपचूप पुसायचं. फिनाईलने आपल्याला वास जातो, तिला नाही जात, त्यामुळे कुत्र्यांच्या शूसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा. नाक घासणं वगैरे जुने उपाय कोणी सांगितले तर ऐकू नका, त्याने ती फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकते. मात्र सारखी थोडी थोडी करत असेल किंवा लालसर दिसत असेल तर डॉक्टरला दाखवा, ते इन्फेक्शन असू शकतं.

खाण्यात दूध-पोळीवर ठेवू नका, वाढ पूर्ण झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि नुसत्या पोळीने पोट भरतं पण अंगी लागत नाही. आम्ही उकडलेलं चिकन, भात, लाल भोपळा देतो, बिनमिठाचं. सासूबाईंना घरात मांसाहार नको असेल तर तयार डॉग फूड आणा आणि त्यांना चालत असेल तर उकडलेलं अंडं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं बंद, आणि मनुका विसरू नका, प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवला जातो आणि त्यात त्या असतात. शिजवलेली हाडं पण नाही, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात.

एका कानाला छोटा काप दिसतोय का बघा, असेल तर बहुधा नसबंदी झालेली आहे. रेबीजचं आणि बाकी लसींचं कार्ड शेल्टरकडून मागून घ्या, जंताचं औषध कधी दिलं ते पण विचारा.

गोचिडांकडे मात्र नीट लक्ष द्या. भिंगरी दुसऱ्या पावसाळ्यात अचानक गप्प झाली, खाणं सोडलं, मी म्हटलं हवा बदललीय म्हणून असेल आणि दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढुरक्या दिसल्या, ब्लड टेस्टमध्ये प्लेटलेट खूप कमी, टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा आजार. महिनाभर गोळ्या चालल्या, वाचली. तेव्हापासून रोज रात्री कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली हात फिरवते. तुम्हाला इतक्यात हात लावता येणार नाही, म्हणून गोचिडांसाठी खायची गोळी मिळते ती डॉक्टरला विचारून तिच्या वजनाप्रमाणे द्या. आणि ताप आला तर आपली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम कधीच नाही.

बाहेर न्यायला लागाल तेव्हा गळ्यातला पट्टा आणि छातीभोवतीचा हार्नेस दोन्ही घाला, दोन्हीला लीश लावा. घाबरलेली कुत्री मागे सरकून मान काढून घेते, मग ती हाका मारून येत नाही, कारण तिला अजून तुमचं घर माहीत नाही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आजच घाला म्हटलं असतं पण हात लावू देत नाही, तर जेव्हा देईल त्या दिवशी पहिलं काम ते. गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके, तेव्हा आम्ही पाच वाजायच्या आत फिरवून आणतो आणि मग आतल्या बाथरूममध्ये तिचं अंथरूण, पंखा आणि रेडिओ चालू.

सासूबाईंचं म्हणणं पण समजून घ्या, त्यांना वास, केस, देवघर हे सगळं दिसतंय. माझ्या सासूबाईंनी भिंगरीला वर्षभर नावाने हाक मारली नव्हती, "तुमची ती" म्हणायच्या. मी कधी वाद घातला नाही, फक्त देवघराच्या खोलीला छोटं फाटक लावलं आणि ती हद्द पाळली. मग एका गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, चार आहेतच इथे, ही पाचवी. तेव्हापासून दुपारचा दहीभात त्याच कालवतात.

सोसायटीने काही काढलं तर घाबरू नका. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय की बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. तुम्ही खालची घाण उचला, लायसन्स काढा, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहत नाही.

आणि रात्री दोनला ती फिरते ते मला सगळ्यात जास्त आवडलं तुमच्या लिहिण्यातलं. घर झोपलं की ती दारं, कोपरे, तुमच्या चपला हुंगून घेतेय, भिंगरी पण हेच करायची. तिला फिरू द्या, दिवा लावू नका, उठून बघायला जाऊ नका. झोपताना तुमचा एक वापरलेला टॉवेल दिवाणाजवळ टाकून ठेवा आणि सकाळी तो कुठे सापडतो ते मला सांगा.