देवदाराचं तेल डोक्याला थेट लावावं का?

प्रश्न : कोंड्यासाठी देवदाराचं तेल आणलं. रात्री केसांच्या मुळाशी चोळलं, तर डोक्याची आग आग झाली. तेल भेसळीचं असेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : भेसळच असेल असं नाही. देवदार हिमालयातला, त्याच्या लाकडातून वाफेनं काढलेलं हे तीव्र तेल खोबरेलासारखं डोक्यावर ओतायचं नसतं. ५० मिली खोबरेल किंवा करडईच्या तेलात १ मिली, म्हणजे साधारण २० थेंब, बास. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा. बाटली जुनी असेल तर मात्र टाकूनच द्या. पत्र्याच्या खोलीत मराठवाड्याचा उन्हाळा काढलेलं तेल हवेनं-उष्णतेनं बिघडतं आणि कातडीला जास्त झोंबतं. तूर्त साध्या शाम्पूनं डोकं धुवा. पुरळ उठलं तर डॉक्टरांना दाखवा. पोटात तर मुळीच घेऊ नका.

कोंड्याला हमखास गुण येईल, असं आम्ही म्हणणार नाही. कपड्यांच्या कसरीला दूर ठेवायला मात्र ते बरं. कापसाच्या बोळ्यावर ४-५ थेंब टाका आणि बोळा भोकं पाडलेल्या डबीत ठेवा. पैठणीच्या घडीत नुसताच सरकवला, तर रेशमावर तेलाचा डाग पडतो.