गाडी जुनी झाली आहे की बिल मोठं आलं आहे?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा गाडीसाठी, कारण निम्मं पत्र तिच्यावरच आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ६०० सीसीची, चार सिलिंडरची स्पोर्ट्स बाईक. वय ११ वर्षं, पळाली ४६,००० किलोमीटर, पहिल्या दिवसापासून तुमच्याकडेच. मागच्या वर्षी तुम्ही तिच्यावर ३,८०० किलोमीटर फिरलात, बहुतेक सुट्टीच्या सकाळी. यंदा मेकॅनिकने यादी हातात ठेवली: दोन्ही टायर, चेन-स्प्रॉकेट, पुढच्या फोर्कची ऑइल सील आणि टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या वाल्व्हच्या फटी, तपासणं. त्याच आठवड्यात तुम्ही शोरूममध्ये नवी पाहून आलात. शिल्लक आहे आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी. त्यातले पाच महिन्यांचे पैसे डाउन पेमेंटला घालायचे, जुनी विकायची आणि उरलेल्याचं चार वर्षांचं कर्ज काढायचं, असा बेत आहे. गाडी लावून जाताना अजूनही मागे वळून बघता, असं लिहिलंय. आणि बायको म्हणते, "घ्या एकदाची, रोज तेच ऐकून कान किटले."

माझं मत: आत्ता घेऊ नका. यादीतली कामं करून घ्या आणि दोन वर्षं थांबा. पण या दोन वर्षांत दर महिन्याला एक गोष्ट करायची आहे, ती पुढे सांगतो. ती करणार नसाल तर नुसतं थांबण्यात फारसा अर्थ नाही.

आकडे सगळ्यांना वापरता यावेत म्हणून एका मापात बसवतो. तुमची गाडी आज खुल्या बाजारात विकली तर जे मिळेल ते १०० धरू. या मापाने नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ४२० ला पडते. मेकॅनिकची यादी ३८ ची. घरखर्च महिन्याला २०.

तुम्ही लिहिता, "१०० च्या गाडीवर ३८ खर्च करायचे म्हणजे मूर्खपणाच ना?" हा प्रश्न मला दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं, आणि दर वेळी तुलनाच चुकलेली असते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून काही कळत नाही. तुम्ही गाडी दुरुस्त करून विकणार असता तर गोष्ट वेगळी होती. तुम्हाला ती चालवायची आहे. मग ३८ ताडायचे ते नवी गाडी तेवढ्याच काळात जे खाईल त्याच्याशी.

ते काढून बघू. नवी गाडी पहिल्या वर्षी १५ टक्के उतरते असं धरतो. हे मी हात राखून धरलंय, कारण तुमच्या ४२० मध्ये कर आणि नोंदणीही आहे आणि ते पैसे विकताना परत येत नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षी ६३ गेले. दुसऱ्या वर्षी उरलेल्याचे १० टक्के, आणखी ३६. विम्याचा फरक तुम्हीच कळवलाय, वर्षाला १२, दोन वर्षांचे २४. आता व्याज. तुम्हाला "फक्त सात टक्के" सांगितलंय, पण सोबत पाठवलेल्या कागदावर ते फ्लॅट दराने आहे. म्हणजे कर्ज फिटत जातं तरी व्याज चारही वर्षं पूर्ण रकमेवर. ४२० मधून डाउन पेमेंटचे १०० आणि जुनीचे १०० वजा केले की कर्ज २२०. त्यावर एकूण व्याज होतं जवळपास ६२ आणि हप्ता साधारण ५.९. घटत्या शिल्लकीच्या हिशेबात हाच दर १२.७ टक्क्यांच्या आसपास जातो. पहिल्या दोन वर्षांचं व्याज सुमारे ४५ होतं, कारण सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा असतो. कुठल्याही कर्जाला दर विचारताना "घटत्या शिल्लकीवर किती?" एवढंच विचारा. समोरचा क्षणभर थांबला तर समजून जा.

बेरीज करा: ९९, २४ आणि ४५. दोन वर्षांत नवी गाडी १६८ खाते. जुनीचे आजचे ३८, दोन वर्षांत उतरलेली किंमत फार तर १०, आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी मी स्वतःहून १५ धरतो. या वयाच्या गाडीचा रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) किंवा बॅटरी कधीही बसू शकते. झाले ६३. फरक १०५ चा. म्हणजे दोन वर्षं न थांबण्याची किंमत तुमच्या अख्ख्या गाडीएवढी, वर पाच.

मेकॅनिकच्या यादीकडेही जरा नीट बघा. तिला तुम्ही "म्हातारपणाचा खर्च" म्हणता. टायर आणि चेन-स्प्रॉकेट हा म्हातारपणाचा खर्च नाही, चालवण्याचा आहे. नवी गाडीही टायर खाणारच; स्पोर्ट्स बाईकचा मागचा मऊ टायर पुष्कळदा १०,००० किलोमीटरही गाठत नाही. टॅपेटचं कामसुद्धा ठरलेल्या अंतराने करायचंच असतं. या वर्गातल्या गाड्यांत कंपनीप्रमाणे साधारण २४,००० ते ४२,००० किलोमीटरच्या दरम्यान ते येतं. बिल मोठं दिसतं कारण टाकी, एअरबॉक्स, फेअरिंग सगळं उतरवावं लागतं. उघडल्यावर कधीकधी सगळी मापं मर्यादेत निघतात आणि एकही शिम (फट जुळवणारी पातळ चकती) न बदलता कव्हर परत बसतं. खरं जुनेपण यादीत एकाच ठिकाणी आहे, फोर्कच्या सीलमध्ये, आणि ते सगळ्यात स्वस्त काम आहे.

टायरबद्दल मात्र तुमच्याशी भांडायचंय. "नक्षी भरपूर उरलीय, टायर पुढच्या वर्षी बघू," असं लिहिलंत आणि खाली टायरवरचा शेवटचा चार आकडी कोडही दिलात: २४१८. म्हणजे २०१८ सालचा २४ वा आठवडा. तुमच्यासारखं कमी चालवणाऱ्यांचे टायर झिजण्याआधी वयाने कडक होतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी वापरू नये, असं टायर कंपन्याच सांगतात. तुमच्या वेगाने वळणं घेणाऱ्याने दहाची वाट बघू नये. गाडी ठेवा, विका, काहीही करा, टायर या आठवड्यात बदला. सल्लागार म्हणून मी सहसा लोकांना खर्च पुढे ढकलायला सांगतो. हा पुढे ढकलायचा नाही.

आता शिल्लक. आठ महिन्यांतले पाच काढले की तीन उरतात, आणि त्याच महिन्यापासून २० च्या घरखर्चावर ५.९ चा हप्ता बसतो. म्हणजे तीन महिन्यांची शिल्लकसुद्धा प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच महिनेच पुरेल. घरात कमावणारे एकटे तुम्ही. सहा महिन्यांच्या खर्चाला हात लावायचा नाही, या माझ्या जुन्या हट्टाला मी इथेही चिकटून आहे. मग मोकळे उरतात दोन महिन्यांचे, म्हणजे ४०. गाडीसाठी तुमच्याकडे १०० आहेत असं तुम्ही समजताय. आहेत ४०.

आणि आता ती दर महिन्याची गोष्ट. जो ५.९ चा हप्ता तुम्ही द्यायला तयार आहात, तो या महिन्यापासून स्वतःला द्या. वेगळ्या खात्यात, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळता होईल असा. दोन वर्षांत सुमारे १४१ जमतील. यातून दुरुस्तीचे ५३ (यादीचे ३८ आणि अचानक कामाचे १५) वजा करा, ८८ उरले. सुरुवातीचे काही महिने दुरुस्तीचं बिल मोकळ्या ४० मधून भागवून पुढे भरून काढावं लागेल, ते चालेल. ८८, ते ४० आणि तोवर ९० ला जाणारी जुनी गाडी मिळून २१८. नवीसाठी ४२० लागतात, म्हणजे तेव्हाही कर्ज २०२ च. हे बघून तुम्ही म्हणाल, मग थांबून मिळवलं काय? सहा महिन्यांची शिल्लक शाबूत राहिली हे मिळवलं. पण मलाही हा आकडा टोचलाच, आणि त्यातूनच लक्षात आलं की तुमचा प्रश्न "कधी" यापेक्षा "नवीच का" हा आहे. वरच्याच हिशेबाने दोन वर्षं वापरलेली तीच गाडी ३२१ ला मिळायला हवी. मग कर्ज १०३, म्हणजे आजच्या निम्म्याहून कमी. ते ९९ दुसऱ्या कुणीतरी आधीच भरलेले असतील. तुम्ही स्वतः अकरा वर्षं गाडी सांभाळलीत. चांगली ठेवलेली कोणती आणि वरवर पुसून आणलेली कोणती, हे तुम्हाला दहा मिनिटांत कळेल.

आणखी एक शंका. पत्रात शेवटी, जाता जाता, लिहिलंय की तासाभराने मनगटं दुखतात. मला तर हेच पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. नवी पाहून आलात तीही त्याच जातीची आहे. खाली बसवलेलं क्लिप-ऑन हँडल, पुढे झुकलेलं अंग, मागे सरकवलेले पाय. चार वर्षं हप्ते भरून तेच दुखणं घरी आणायचं का? शोरूमच्या आसपास मारलेल्या चकरेत मनगट दुखत नाही. ओळखीच्या कुणाची तरी दीड-दोन तास चालवून बघा. कदाचित तुम्हाला हवी असलेली पुढची गाडी थोडी सरळ बसवणारी असेल, आणि ते कळायला दोन वर्षं पुरेशी आहेत.

बाजाराचीही थोडी माहिती देतो, कारण "नंतर अशी गाडी मिळणारच नाही" ही तुमची भीती उगाच नाही. यामाहाची आर-सिक्स युरोपच्या रस्त्यांवरून २०२० नंतर उठली ती युरो ५ च्या प्रदूषण नियमांमुळे, आणि उरली ती फक्त ट्रॅकची आवृत्ती. त्या जागी आर-सेव्हन, एप्रिलियाची आरएस ६६० अशा दोन सिलिंडरच्या गाड्या आल्या. चांगल्याच आहेत, पण चौदा-पंधरा हजार आरपीएमला चढणारा चार सिलिंडरचा तो आवाज त्यांच्यात नाही. मग २०२४ मध्ये होंडाची सीबीआर ६०० आरआर आणि कावासाकीची झेडएक्स-सिक्सआर युरोपात परत आल्या. गेलेली गाडी परत येऊ शकते. आणि चार सिलिंडरच्या जातीच्या गाड्या कमी होत गेल्याने नीट ठेवलेल्या, मूळ स्थितीतल्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक टिकून राहतं. म्हणून मूळ सायलेन्सर आणि सर्व्हिसची बिलं टाकू नका. एक्स्चेंजमध्ये ७८ देतायत ते तर विसराच.

एकाच बाबतीत माझं पारडं डळमळतं. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, नाही. बीएमडब्ल्यूने ते मोटरसायकलवर १९८८ मध्ये आणलं, आणि वळणात झुकलेल्या गाडीलाही सांभाळणारी बॉशची प्रणाली २०१३ मध्ये केटीएमवर आली. जिवाच्या प्रश्नापुढे ३८ काय आणि १६८ काय. तुम्ही रोज, पावसापाण्यात, गर्दीतून चालवत असता तर मी वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून एबीएस असलेली वापरलेली गाडी आजच बघा म्हटलं असतं. कोरड्या सकाळी, ओळखीच्या रस्त्यावर, वर्षाला ३,८०० किलोमीटर, एवढ्यासाठी थांबता येईल असं मला वाटतं. पण ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला आणि अकरा वर्षांचे रबरी ब्रेक पाइप याच वेळी काढून टाका. ते यादीत नाहीत. मेकॅनिकला मुद्दाम सांगा. खर्च मी धरलेल्या १५ मधून निघेल.

दोन वर्षांच्या आत निर्णय बदलायचा तो कधी? गिअर सुटायला लागला, सायलेन्सरमधून निळा धूर येऊन ऑइल कमी व्हायला लागलं, पडझडीत फ्रेम वाकली किंवा एखादा महत्त्वाचा पार्ट मिळेनासा झाला, तर दुरुस्तीत आणखी पैसे घालू नका. आहे त्या स्थितीत विका. दोन्ही गाड्या ठेवण्याचा विचार मात्र नको. विमा दोन, बॅटऱ्या दोन, टायरचे संच दोन आणि चालवणारा एक, वर्षाला ३,८०० किलोमीटरवाला.

स्वतःचं एक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी असंच एक मोठं बिल आल्यावर मी रागाच्या भरात माझी गाडी विकली आणि कर्जाने नवी घेतली. नवी झकास होती. हप्ते चालू असल्यामुळे पेट्रोलला आणि लांबच्या फेऱ्यांना हात आखडता घ्यायला लागलो आणि पहिल्या वर्षी जुनीच्या निम्मीही फिरवली नाही. जुनीला काय झालं होतं, तर फोर्कची सील आणि टायर.

ऑफर महिनाअखेरीला संपतेय म्हणता. संपू द्या. टॅपेटची मापं आली की कळवा, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूची. तीन-चार वाल्व्ह फारच घट्ट निघाले तर ३८ चा आकडा वाढेल आणि मी हा हिशेब पुन्हा मांडून देईन. आणि हो, त्या वेगळ्या खात्याला काहीतरी नाव द्या. बायकोला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.